ठिणगी-गुडदीच्या आट्यांची दुरुस्ती

ठिणगी-गुडदीच्या आट्यांची दुरुस्ती : पेट्रोल वा वायुरूप इंधनावर चालणाऱ्या एंजिनाच्या सिलिंडर शीर्षात ठिणगी-गुडदी बसविण्यासाठी आटे पाडलेले छिद्र असते. हे आटे झिजले, कापले गेले किंवा उपटून निघाले, तर ते पुन्हा पूर्ववत करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. ठिणगी-गुडदी म्हणजे व्यवहारातील स्पार्क प्लग होय. कर्मशाळेत या बिघाडाला ‘आटे गेले’ किंवा ‘आटे मेले’ असे म्हणतात. बिघाड दिसायला लहान असला, तरी त्यामुळे संपूर्ण सिलिंडर निकामी होतो. त्याची दुरुस्ती चुकल्यास सिलिंडर शीर्षच बदलावे लागते, म्हणून मालवाहू वाहनांच्या देखभालीत या कामाला विशेष महत्त्व आहे.

ट्रक व ठिणगी-गुडदी : भारतातील बहुसंख्य ट्रक डीझेलवर चालतात व डीझेल एंजिनात ठिणगी-गुडदी नसते, इंधनाचे प्रज्वलन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच होते [→ डीझेल एंजिन]. परंतु सुरुवातीपासून अशी स्थिती नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई-पुणे परिसरातील रस्त्यांवर धावणारे डॉज, फार्गो, शेव्हरोले, बेडफर्ड इ. बनावटींचे अनेक ट्रक पेट्रोलवर चालत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात क्राइस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक तयार होऊ लागले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, त्या वेळीही ठिणगी-गुडदी हा मोठ्या वाहनांच्या देखभालीतील नित्याचा भाग होता. १९५४ पासून टाटा कंपनीने डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने डीझेल ट्रक बनविण्यास सुरुवात केली आणि पुढील दोन-तीन दशकांत ट्रकांतून ठिणगी-गुडदी जवळजवळ नाहीशी झाली.

संपीडित नैसर्गिक वायूचा म्हणजे सीएनजीचा प्रसार झाल्यावर ती पुन्हा अवतरली. नैसर्गिक वायू केवळ दाबाने सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे त्याला ठिणगी लागते. डीझेल एंजिनावरून विकसित केलेल्या सीएनजी एंजिनांत मूळ अंतःक्षेपकाच्या म्हणजे इंजेक्टरच्या जागी ठिणगी-गुडदी बसवितात. पुणे परिसरात वायुपुरवठ्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांपैकी बऱ्याच गाड्या याच इंधनावर चालतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात नेरे, मारुंजी, जांबे या गावांच्या परिसरात हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे वस्ती व बांधकाम वाढले असून मालाची स्थानिक ने-आण करणाऱ्या वाहनांत पेट्रोल व सीएनजीवरील छोट्या ट्रकांचा वाटा लक्षणीय आहे. अशा वाहनाचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. शीर्ष उतरवून ते यंत्रशाळेत पाठविण्यात गाडी अनेक दिवस उभी राहते. त्यामुळे दुरुस्ती गाडीवरच करावी की शीर्ष काढून करावी, हा प्रश्न त्याच्या रोजच्या कमाईशी निगडित असतो.

आट्यांची मापे : आट्यांच्या मापांत पूर्वी एकसारखेपणा नव्हता. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या मोटारगाडीत नळाच्या आट्यांसारखे निमुळते अर्धा इंची आटे होते, तर नंतरच्या मॉडेल ए मध्ये ७/८ इंच व्यासाचे सरळ आटे होते. पुढे १८ मिमी. व्यास व १·५ मिमी. अंतराल (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर) असलेली आणि त्यानंतर १४ मिमी. व्यास व १·२५ मिमी. अंतराल असलेली गुडदी रूढ झाली. आज १४ मिमी. हे माप सर्वांत प्रचलित आहे. झडपांना व शीतन मार्गांना अधिक जागा मिळावी म्हणून नव्या एंजिनांत १२ व १० मिमी. व्यासांच्या गुडद्याही वापरतात. व्यासाइतकीच आटे असलेल्या भागाची लांबीही महत्त्वाची असते. ती सामान्यतः ९·५, १२·७, १९ किंवा २६·५ मिमी. असते. १·२५ मिमी. अंतरालाच्या १२·७ मिमी. लांबीत सु. १० आटे बसतात, तर १९ मिमी. लांबीत सु. १५ आटे बसतात.

आट्यांवरील भार : ज्वलनाच्या वेळी पेट्रोल एंजिनात सु. ५० किग्रॅ. प्रती चौ. सेंमी. इतका कमाल दाब निर्माण होऊ शकतो. १४ मिमी. व्यासाच्या छिद्राचे क्षेत्रफळ सु. १·५४ चौ. सेंमी. असल्याने गुडदीला बाहेर ढकलणारे बल सु. ७७ किग्रॅ. भरते. टर्बोभारक बसविलेल्या वायू-एंजिनांत दाब याच्या दुप्पटही होतो. चार धावांचे एंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २० वेळा ज्वलन होते. म्हणजे तासाभरात ७२,००० धक्के आट्यांवर बसतात.

असे असूनही नीट आवळलेली गुडदी सुटत नाही. याचे कारण आवळताना तिच्यात निर्माण झालेला ताण होय. सु. २·८ किग्रॅ.-मी. इतक्या पिळाने आवळलेल्या १४ मिमी. च्या गुडदीत साधारणपणे १,००० किग्रॅ. इतके अक्षीय बल निर्माण होते. ज्वलनाचे बल त्याच्या मानाने फार लहान असते. गुडदी सैल राहिली, तर मात्र हे संरक्षण नाहीसे होते. प्रत्येक धक्क्याला ती छिद्रात किंचित हलते, आटे ठोकले जातात व फटीतून निसटणारे तप्त वायू उरलेली धातू खातात. म्हणजे अतिरेकी आवळण्याने जसे आटे जातात, तसेच अपुऱ्या आवळण्यानेही जातात.

आट्यांची संख्या अपुरी असल्यास काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीच्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही व्ही-८ व व्ही-१० ट्रक-एंजिनांच्या ॲल्युमिनियम शीर्षांत गुडदीला जेमतेम चार आट्यांची पकड होती. अशा एंजिनांतील गुडद्या आट्यांसह बाहेर फेकल्या जाण्याचे प्रकार घडले. नंतरच्या शीर्षांत आट्यांची संख्या वाढविण्यात आली. या प्रकरणामुळे आटे दुरुस्तीची खास हत्यारे व बुश तयार करण्याचा तिकडे एक लहानसा व्यवसायच उभा राहिला.

कारणे : शीर्ष बिडाचे असल्यास आटे क्वचितच जातात. ॲल्युमिनियमाची मिश्रधातू वजनाने हलकी व उष्णतेची चांगली वाहक असली, तरी गुडदीच्या पोलादी कवचापेक्षा ती बरीच मऊ असते. त्यामुळे झीज नेहमी शीर्षालाच सोसावी लागते. नुकसानीची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत : (१) गुडदी तिरकी धरून पान्याने रेटणे. सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनी न देता थेट पाना लावल्यास पोलादी आटे मऊ धातूत नवी तिरकी वाट पाडतात. (२) प्रमाणाबाहेर आवळणे. ३० सेंमी. लांबीच्या दांड्यावर १० किग्रॅ. जोर लावला, की ३ किग्रॅ.-मी. पीळ होतो आणि १४ मिमी. च्या गुडदीसाठी ॲल्युमिनियम शीर्षात हीच कमाल मर्यादा असते. दांड्याला नळी जोडून त्याची लांबी ६० सेंमी. केली, तर तेवढ्याच जोराने पीळ दुप्पट होतो. (३) एंजिन गरम असताना गुडदी काढणे. तप्त ॲल्युमिनियम अधिक मऊ असते आणि आटे एकमेकांना चिकटून खरवडले जातात. (४) चुकीच्या लांबीची गुडदी. आखूड गुडदी वापरल्यास छिद्राचे खालचे आटे उघडे राहून त्यांत काजळी भरते व पुढे योग्य लांबीची गुडदी बसविताना ते तुटतात. लांब गुडदीचे आटे ज्वलनकक्षात उतरून त्यांवर काजळी साचते व काढताना ती आटे ओरबाडते. (५) गुडदी फार काळ न काढणे. पोलाद व ॲल्युमिनियम या दोन भिन्न धातूंमध्ये दमट हवेत संक्षारण होऊन गुडदी अडकते. मुळशीसारख्या अतिपावसाच्या भागात खोल खळग्यात पाणी व चिखल साचल्याने हे अधिक घडते.

लक्षणे : प्रारंभी एंजिनाच्या गतीबरोबर बदलणारा टिकटिक किंवा फुसफुस असा आवाज येतो. गुडदीच्या चिनी मातीच्या निरोधकावर व बैठकीभोवती काळे ओघळ दिसतात. संबंधित सिलिंडरातील संपीडन घटते, शक्ती कमी होते व एंजिन धक्के देत चालते. साबणाचे पाणी लावून एंजिन चालू केल्यास बुडबुडे येतात. गुडदी आवळताना पाना घट्ट न होता फिरतच राहिला, तर आटे गेल्याचे निश्चित समजावे. शेवटची अवस्था म्हणजे गुडदी मोठ्या आवाजासह बाहेर फेकली जाणे होय. तसे झाल्यास प्रज्वलन वेटोळे फुटते. सीएनजी वाहनात त्या सिलिंडरातील न जळलेले मिश्रण एंजिनाच्या आच्छादनाखाली येत असल्याने आग लागण्याचा धोका असतो. अशा वेळी एंजिन तत्काळ बंद करून वायूच्या टाकीची झडप मिटविणे आवश्यक असते.

दुरुस्तीच्या पद्धती : नुकसान किती आहे, यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.

आटे साफ करणे : फक्त तोंडाजवळचे एक-दोन आटे दबले असतील, तर नवी धातू न काढता जुने आटे सरळ करणारे हत्यार पुरते. छिद्रात मिटलेल्या स्थितीत खाली उतरवून, पसरून, तळच्या चांगल्या आट्यांच्या आधाराने वर आणायचे हत्यारही मिळते. ते खालून वर येत असल्याने तिरके बसण्याचा संभव राहत नाही व कीसही बाहेरच्या बाजूस येतो.

तारेचे वेटोळे बसविणे : ही सर्वांत प्रचलित पद्धत असून ती हेलिकॉइल या व्यापारी नावाने ओळखली जाते. समभुज चौकोनी छेदाच्या अगंज पोलादी तारेचे हे स्प्रिंगसारखे वेटोळे असते. त्याच्या बाहेरच्या कडा शीर्षातील नव्या आट्यांत बसतात व आतील कडांचे गुडदीसाठी मूळ मापाचे आटे बनतात. १४ × १·२५ मिमी. च्या गुडदीसाठी छिद्र सु. १४·५ मिमी. पर्यंत मोठे करून त्यात सु. १५·६ मिमी. बहिर्व्यासाचे आटे खास टॅपने पाडतात. मोकळ्या स्थितीत वेटोळ्याचा व्यास छिद्रापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ते बसविल्यावर स्वतःच्या ताणानेच घट्ट राहते. ॲल्युमिनियमात पकडीचा व्यास सु. ११ टक्क्यांनी वाढतो आणि गुडदी पोलादी आट्यांत फिरते. यामुळे व्यवस्थित केलेली दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. लायकॉमिंग व काँटिनेंटल या विमान-एंजिनांच्या शीर्षांत कारखान्यातच अशी वेटोळी बसविण्याची प्रथा आहे, यावरून या पद्धतीची विश्वसनीयता दिसून येते.

भरीव बुश बसविणे : छिद्राची गोलाई बिघडली असेल किंवा तारेचे वेटोळे एकदा उपटले गेले असेल, तर आतून व बाहेरून आटे असलेला नळीसारखा बुश वापरतात. तयार पोलादी बुशाला वरच्या टोकाशी लहान कड असते. ती बैठकीत टेकल्यामुळे बुश ज्वलनकक्षात उतरू शकत नाही. काही प्रकारांत बुशाचे शेवटचे आटे बसविण्याच्या हत्याराने पसरविले जातात व बुश कायमचा अडकतो. आपल्याकडील कर्मशाळांत असा बुश पितळेचा वा पोलादाचा कातून घेण्याची पद्धत जुनी आहे व तिला ‘बुश मारणे’ असे म्हणतात. पितळ उष्णता चांगली वाहून नेते व त्याचे प्रसरण पोलादापेक्षा ॲल्युमिनियमाच्या अधिक जवळ असते, हे त्याचे गुण होत. मात्र ते मऊ असल्याने त्यातील आटे लवकर झिजतात. बाहेरचे आटे सैल राहिल्यास गुडदी काढताना बुशच तिच्याबरोबर बाहेर येतो. म्हणून तो घट्ट बसविणे व उष्णता सोसणाऱ्या चिकट द्रव्याने पक्का करणे आवश्यक असते.

वितळजोड : छिद्राभोवतीची धातूच फाटली असल्यास शीर्ष उतरवून, टंगस्टन विद्युत् अग्र व आर्गॉन वायू वापरून वितळजोडाने छिद्र भरतात. नंतर ते पुन्हा पाडून त्यात मूळ मापाचे आटे करतात. उष्णतेने शीर्ष वाकण्याचा व झडपांच्या बैठका सैल होण्याचा संभव असल्याने पृष्ठभाग यंत्रावर पुन्हा सपाट करून घ्यावा लागतो. ही पद्धत खर्चिक असली, तरी नवे शीर्ष मिळत नसेल तेव्हा उपयुक्त ठरते.

कार्यपद्धती : तारेचे वेटोळे गाडीवरच बसवावयाचे असल्यास कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. एंजिन पूर्ण थंड होऊ देतात. सीएनजी वाहनात टाकीची झडप मिटवून नळ्यांतील वायू संपवितात व विद्युत् घटमालेची जोडणी सोडवितात. गुडदीभोवतीचा खळगा दाबाच्या हवेने स्वच्छ केल्यावरच गुडदी काढतात; अन्यथा माती सरळ सिलिंडरात जाते. त्यानंतर एंजिन हाताने फिरवून संबंधित सिलिंडराच्या दोन्ही झडपा बंद असतील व दट्ट्या टॅपच्या वाटेतून खाली गेलेला असेल, अशी स्थिती साधतात. झडप उघडी असल्यास कीस तिच्या बैठकीवर पडून ती नीट मिटत नाही व पुढे जळते.

छिद्र मोठे करताना ते मूळ अक्षातच राहिले पाहिजे. अक्ष ढळल्यास गुडदीचे वायसर एका बाजूनेच टेकते व वायू निसटतो. म्हणून हाताने छिद्रक चालविण्याऐवजी ज्याचे खालचे टोक जुन्या आट्यांत वाट काढते व वरचा भाग नवे आटे पाडतो, असा संयुक्त टॅप वापरणे श्रेयस्कर असते. त्याच्या खाचांत घट्ट ग्रीज भरतात, म्हणजे कीस त्याला चिकटून राहतो. अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे या रीतीने टॅप फिरवितात आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर तो बाहेर काढून, पुसून, पुन्हा ग्रीज भरतात. शीर्ष उतरविलेले असेल, तर ॲल्युमिनियम कापताना ग्रीजऐवजी रॉकेल वापरता येते.

आटे पाडून झाल्यावर बारीक नळीच्या शोषकाने सिलिंडरातील कीस ओढून घेतात व शक्य असल्यास अंतर्दर्शकाने तपासतात. ॲल्युमिनियमाच्या किसाला चुंबक लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. वेटोळे दांड्यावर चढवून, पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा आटा जाईल इतके आत फिरवितात. त्याच्या तळाशी असलेली आडवी शेपटी लांब चोचीच्या पकडीने धरूनच तोडतात व बाहेर काढतात; ती आत पडल्यास दट्ट्या व सिलिंडराची भिंत यांवर ओरखडे पडतात. वेटोळे वा बुश ज्वलनकक्षात पुढे आलेला असता कामा नये. पुढे आलेली कड तापून लाल होते व ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटविते. शेवटी नवी गुडदी बोटांनी पूर्ण बसवून पीळमापक पान्याने आवळतात व संपीडन मोजून गळती नसल्याची खात्री करतात.

शीर्ष केव्हा उतरवावे : छिद्रापासून झडपेच्या बैठकीपर्यंत तडा गेला असेल, छिद्राचा संबंध शीतन जलमार्गाशी येत असेल किंवा आधीची एक दुरुस्ती फसली असेल, तर गाडीवर काम करणे योग्य नव्हे. डीझेलवरून विकसित केलेल्या सीएनजी एंजिनांत गुडदी खोल विहिरीसारख्या खळग्यात असते. तेथे टॅप सरळ धरण्यास लांब मार्गदर्शक नळी नसल्यास शीर्ष उतरविणे शेवटी स्वस्त पडते. आट्यांना तार, पत्रा वा फीत गुंडाळणे किंवा भरणद्रव्य लावून गुडदी चिकटविणे हे उपाय काही ठिकाणी केले जातात, पण ते सर्वथा त्याज्य होत. गुडदीची बरीचशी उष्णता आटे व बैठक यांवाटेच शीर्षात जाते. तो मार्ग खंडित झाल्यास तिचे टोक सु. ८५०° से. या सुरक्षित मर्यादेपलीकडे तापते आणि दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

प्रतिबंध : १४ मिमी. च्या वायसरयुक्त गुडदीसाठी ॲल्युमिनियम शीर्षात २·५ ते ३ किग्रॅ.-मी. व बिडाच्या शीर्षात २·५ ते ३·५ किग्रॅ.-मी., तर १८ मिमी. च्या गुडदीसाठी ॲल्युमिनियम शीर्षात ३·५ ते ४ किग्रॅ.-मी. पीळ सामान्यतः योग्य मानतात. शंक्वाकार बैठकीच्या गुडदीला वायसर नसते व तिला बराच कमी पीळ लागतो. पीळमापक पाना नसल्यास वायसरयुक्त नवी गुडदी बोटांनी घट्ट झाल्यावर सु. अर्धा फेरा व वापरलेली गुडदी सु. बारावा भाग फेरा आवळणे पुरेसे असते. आट्यांना वंगण लावल्यास घर्षण घटते आणि तेवढ्याच पिळाने आट्यांवर सु. दीडपट ताण येतो. म्हणून अशा वेळी पीळ सु. एक-तृतीयांशाने कमी करतात. मुलामा दिलेल्या गुडद्यांना वंगण लावू नये, असे बहुतेक निर्माते सुचवितात.

सीएनजी वाहनांत ज्वलनाचे तापमान जास्त असल्याने व ठिणगीसाठी अधिक विद्युत् दाब लागत असल्याने गुडद्या अधिक वेळा बदलाव्या लागतात, म्हणजे आट्यांची झीजही अधिक होते. आटे पाडण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी कामाच्या प्रारंभिक पाठांतच शिकवितात. तेच कौशल्य खोल छिद्रात, मऊ धातूत व खाली दट्ट्या असताना वापरणे एवढीच या दुरुस्तीतील अडचण आहे. गुडदी प्रत्येक वेळी हाताने सुरू करणे आणि मोजून आवळणे या दोन सवयी पाळल्यास दुरुस्तीची वेळ सहसा येत नाही.